जुन्या मोटारीचे इंजिन : बांधावे की बदलावे?

घरातील जुन्या फियाटचे किंवा अ‍ॅम्बेसेडरचे इंजिन थकले की मालकापुढे दोन वाटा उभ्या राहतात. मूळ इंजिन दुरुस्त करून घ्यावे, की दुसरे बसवावे? हा निर्णय फक्त यांत्रिक नाही. त्यात कायदा आहे, घाटातील सुरक्षितता आहे आणि पन्नाशी गाठलेल्या गाड्यांच्या बाबतीत तर त्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून होणारी नोंदही पणाला लागते.

रत्नागिरी शहरात किंवा लांजा, राजापूर, संगमेश्वरकडील एखाद्या वाडीत अजूनही अशी घरे आहेत, जिथे पडवीलगतच्या खोपीत ताडपत्रीखाली जुनी मोटार उभी असते. कधीकाळी ती आंब्याच्या पेट्या, लग्नाची वऱ्हाडे आणि मुंबईहून आलेले चाकरमानी वाहून नेत असे. आज ती वर्षातून दोन-चार वेळा, गणपतीत किंवा शिमग्याला, चालू करण्याचा प्रयत्न होतो. मग एखाद्या वर्षी चढणीवर ती दम टाकते, मागून निळा धूर सोडते आणि घरात चर्चा सुरू होते : ‘इंजिनच बदलून टाकू या.’

या गाड्या आता पुन्हा निर्माण होणार नाहीत. मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनविलेली फियाट ११०० ही १९७० च्या दशकाच्या मध्यास ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली आणि शतक संपता संपता तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या रस्त्यावरील अखेरची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळ्या-पिवळ्या पद्मिनीचे युग संपले. हिंदुस्थान मोटर्सच्या उत्तरपाडा येथील कारखान्यातून १९५० च्या दशकाअखेरीपासून बाहेर पडणारी अ‍ॅम्बेसेडर २०१४ मध्ये बंद झाली. साहजिकच सुटे भाग दुर्मीळ होत आहेत आणि ‘दुसरे इंजिन टाका’ हा सल्ला वारंवार ऐकू येतो. तो मानण्यापूर्वी काही गोष्टी क्रमाने तपासणे अगत्याचे आहे.

आधी रोगनिदान

इंजिन ‘गेले’ असे म्हणताना नेमके काय गेले, हे ठरविणे ही पहिली पायरी होय. निळसर धूर म्हणजे ज्वलनकक्षात तेल जळत आहे. पांढरा, न थांबणारा धूर आणि रेडिएटरमधील कमी होणारे पाणी हे हेड गॅसकेट फुटल्याचे किंवा हेडला तडा गेल्याचे लक्षण असू शकते. काळा धूर मात्र बहुधा कार्बोरेटरच्या चुकीच्या मिश्रणाचा असतो आणि त्यासाठी इंजिन उघडण्याची गरज नसते.

प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजणारी कॉम्प्रेशन चाचणी कोणत्याही चांगल्या गॅरेजमध्ये होऊ शकते. चारही सिलिंडरांचे आकडे एकमेकांच्या जवळ आहेत का, हे त्यात मुख्यत्वे पाहावे. एखादा सिलिंडर इतरांपेक्षा दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक खाली असेल तर त्यात दोष आहे. तो दोष कुठे आहे, हे शोधण्याची सोपी युक्ती आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा दाब मोजावा. दाब वाढला तर रिंगा व सिलिंडरची भिंत झिजली आहे असे समजावे. वाढला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. व्हॉल्व्हचे काम हेड उतरवून होते, त्यासाठी इंजिन बाहेर काढावे लागत नाही.

तिसरी तपासणी तेलाच्या दाबाची. गाडी अर्धा तास चालवून इंजिन पूर्ण तापल्यावर दाब मोजावा. थंड इंजिनाचा आकडा दिशाभूल करतो. तापल्यावर दाब कोसळत असेल आणि खालच्या बाजूने जड ठोका ऐकू येत असेल तर क्रँकशाफ्टची बेअरिंगे झिजलेली आहेत.

या तीन तपासण्यांनंतर अनेकदा असे दिसते, की ज्याला ‘इंजिन गेले’ म्हटले जात होते ते व्हॉल्व्हचे काम, कार्बोरेटरची साफसफाई आणि प्रज्वलनाची जुळणी एवढ्यावर भागते.

घाटाला किती शक्ती लागते?

रत्नागिरीच्या मालकाला घाट टाळता येत नाही. कोल्हापूरला जायचे तर आंबा घाट, चिपळूणहून कराडकडे कुंभार्ली, मुंबईच्या वाटेवर परशुराम, भोस्ते आणि कशेडी. ‘जुने इंजिन घाटात ओढत नाही, म्हणून मोठे हवे’ हा युक्तिवाद म्हणूनच येथे सर्वांत लोकप्रिय आहे. तो आकड्यांनी तपासून पाहू.

पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलो. पाच माणसे आणि सामान धरून १३०० किलो होईल. दहा मीटर अंतराला एक मीटर चढ, म्हणजे बऱ्यापैकी कठीण चढण धरली, तर गाडी वर ओढण्यास आणि चाकांचे घर्षण जिंकण्यास मिळून साधारण १५० किलोभार एवढे बल लागते. ताशी ३० किलोमीटर वेगाने चढायचे तर चाकांपाशी सुमारे साडेसोळा अश्वशक्ती हवी. गिअरबॉक्स व मागील आस यांत होणारा व्यय मिळवला, तर इंजिनाने वीसएक अश्वशक्ती द्यावी. ताशी ५० किलोमीटरसाठी हाच आकडा बत्तीसच्या घरात जातो.

पद्मिनीच्या १०८९ घनसेंमीच्या इंजिनाची शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास आहे. निरोगी इंजिन असेल तर घाट चढण्यास ते पुरेसे आहे. याच इंजिनाने चाळीस वर्षे लोकांना कोकणात आणले आणि परत नेले. पण झिजेमुळे त्याची पाव शक्ती गेली असेल, तर उरलेल्या तिसांत ५० चा वेग अशक्य होतो. चालक खालच्या गिअरमध्ये इंजिन ताणतो, गंजाने चोंदलेला रेडिएटर तापतो आणि गाडी वळणावर उभी राहते. हा थकव्याचा परिणाम आहे. इंजिन मुळात लहान होते, असा त्याचा अर्थ नव्हे. ज्याला गाडी फक्त पूर्वीसारखी चालायला हवी आहे, त्याला मोठ्या इंजिनाची गरज नाही.

याची दुसरी बाजू उताराची. अधिक शक्तीचे इंजिन बसविले की गाडी अधिक वेगाने धावते. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ६० ऐवजी ८० च्या वेगातून गाडी थांबविताना ब्रेकना जवळजवळ पावणेदोन पट उष्णता पचवावी लागते. जुन्या पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. लांबच्या उतारावर ड्रम तापला की पकड सैल होते. त्यामुळे इंजिन मोठे करायचे तर ब्रेक, स्टिअरिंगचे जोड आणि टायर यांचा खर्च त्याच अंदाजपत्रकात धरला पाहिजे. तो धरण्याची तयारी नसेल तर मोठे इंजिन नको.

कारखान्यांनी केलेले बदल

इंजिन बदलण्याचा प्रयोग आपल्याकडे मालकांच्याही आधी कारखान्यांनी केला आणि त्यातून शिकण्यासारखे बरेच आहे.

अ‍ॅम्बेसेडर हे ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्डचे भारतीय रूप. तिला प्रथम १४७६ घनसेंमीचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले इंजिन होते. त्याची जागा लवकरच १४८९ घनसेंमीच्या, माथ्यावर व्हॉल्व्ह असलेल्या इंजिनाने घेतली आणि तेच तिचे ओळखीचे इंजिन ठरले. पुढे त्याच आकारमानाचे डिझेल इंजिन आले. इंधनाचा खर्च उतरला, पण शक्तीही उतरली. डिझेल अ‍ॅम्बेसेडरमागे घाटात अडकलेल्यांना ते वेगळे सांगण्याची गरज नाही. १९९० च्या दशकात कंपनीने इसुझूचे १.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि पाच गिअरांची पेटी बसविली. इंजिन आणि गिअरपेटी एकत्र आल्यामुळे हा बदल यशस्वी ठरला.

याच कंपनीच्या काँटेसाची कथा याहून बोलकी आहे. १९८० च्या दशकात ही ऐसपैस गाडी बाजारात आली तेव्हा तिला अ‍ॅम्बेसेडरचेच १४८९ घनसेंमीचे इंजिन होते. देखणी, पण जड शरीराला ते इंजिन अपुरे पडले. नंतर इसुझूचे १.८ लिटर इंजिन आले आणि गाडीला खरी गती मिळाली. गाडीचे वजन आणि इंजिनाची शक्ती यांचे गणित चुकले की काय होते, याचे हे उदाहरण.

प्रीमियरनेही हाच मार्ग चोखाळला. १९८० च्या दशकातील ११८ एनई या गाडीचे अंग फियाट १२४ चे, तर इंजिन निस्सानचे ११७१ घनसेंमीचे होते. कागदावर पद्मिनीच्या इंजिनापेक्षा ते फार मोठे नव्हते, पण रचनेने नवे आणि चपळ होते. पुढे पद्मिनीलाही इटालियन बनावटीचे लहान डिझेल इंजिन देण्यात आले.

कारखान्याने इंजिन बदलले तेव्हा त्यासोबत आधार, गिअरपेटी, शीतकरण, स्प्रिंगा आणि मान्यता हे सर्वही बदलले. खासगी मालक इंजिन तेवढे आणतो आणि बाकीचे ‘जुळवून घेऊ’ म्हणतो. बहुतेक फसलेल्या प्रयोगांचे मूळ येथे सापडते.

मार्ग पहिला : मूळ इंजिन बांधून घेणे

झिजलेल्या सिलिंडरला बोअर करून मोठ्या मापाचे पिस्टन बसविता येतात. बोअर करण्याची मर्यादा संपली असेल तर नवा लायनर ठोकून सिलिंडर मूळ मापावर आणता येतो. क्रँकशाफ्ट घासून त्याला कमी मापाची बेअरिंगे बसवितात. व्हॉल्व्ह, गाइड आणि सीट बदलता येतात. म्हणजे लोखंडी ब्लॉकला तडा गेलेला नसेल तर इंजिन जवळजवळ नव्याने उभे करता येते.

या कामासाठी रत्नागिरीकरांना फार लांब जावे लागत नाही. आंबा घाट चढून सुमारे १३० किलोमीटरवर कोल्हापूर आहे. तेथील शिवाजी उद्यमनगर ओतकाम, लेथकाम आणि ऑइल इंजिनांसाठी कित्येक दशके प्रसिद्ध आहे. जो भाग बाजारात मिळत नाही तो नमुना पाहून घडवून देण्याची परंपरा त्या गावाने जपली आहे. इंजिन गाडीतून उतरवून टेम्पोने कोल्हापूरला पाठविणे आणि बांधून परत आणणे, हा व्यवहार्य मार्ग होय.

बांधताना दोन सुधारणा अवश्य करून घ्याव्यात. पहिली व्हॉल्व्ह सीटची. जुन्या इंजिनांच्या काळात पेट्रोलमध्ये शिसे असे आणि ते व्हॉल्व्ह व सीट यांच्यामध्ये वंगणासारखे काम करी. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. म्हणून हेड उघडलेच आहे तर कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात. दुसरी सुधारणा इंधनमार्गाची. २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सर्वसाधारणपणे २० टक्के इथेनॉल असते. ते जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा आणि कार्बोरेटरची सील यांना मानवत नाही. शिवाय ते हवेतील ओलावा शोषते. कोकणातील दमट हवेत महिनोन्‌महिने उभ्या राहणाऱ्या गाडीच्या टाकीत त्यामुळे पाणी साठते आणि गंज धरतो. नळ्या व सील इथेनॉलला टिकणाऱ्या प्रतीच्या घ्याव्यात, कार्बोरेटरचे मिश्रण नव्या इंधनाप्रमाणे जुळवावे आणि उभी गाडी ठेवताना टाकीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये.

या मार्गाचा मोठा लाभ असा, की ब्लॉक तोच राहिल्याने त्यावरील इंजिन क्रमांक तोच राहतो आणि नोंदणी पुस्तकात काही बदलावे लागत नाही.

मार्ग दुसरा : त्याच जातीचे दुसरे इंजिन

ब्लॉक फुटला असेल, पिस्टनचा दांडा तुटून सिलिंडरच्या भिंतीतून बाहेर आला असेल, तर मूळ इंजिनाचा आग्रह संपतो. अशा वेळी त्याच मॉडेलचे दुसरे इंजिन शोधावे. ते त्याच आधारांवर बसते, तीच गिअरपेटी चालते, तीच वायरिंग जुळते. मुंबईत कुर्ल्याच्या भंगार बाजारापासून ठिकठिकाणी मोडीत निघालेल्या गाड्यांची इंजिने मिळतात.

येथे सावधगिरी कागदांची. इंजिन कोणत्या गाडीतून निघाले, त्या गाडीच्या नोंदणीची प्रत, ती मोडीत काढल्याचा पुरावा आणि विक्रेत्याचे पक्के बिल या गोष्टींशिवाय पैसे देऊ नयेत. ब्लॉकवरील क्रमांक खरडलेला किंवा नव्याने ठोकलेला वाटला तर ते इंजिन कितीही स्वस्त असले तरी सोडून द्यावे. चोरीच्या गाडीचे इंजिन आपल्या गाडीत सापडले, तर त्याचे उत्तर मालकालाच द्यावे लागते. शक्य असेल तर इंजिन सुरू करून दाखविण्यास सांगावे. ते शक्य नसेल तर निदान हाताने फिरते का, डबक्यातील तेलात धातूचा चुरा आहे का आणि प्लगच्या छिद्रांतून गंज दिसतो का, हे पाहावे.

मार्ग तिसरा : परके इंजिन

वेगळ्या कंपनीचे, नव्या काळातील इंजिन बसवायचे असेल तर निवडीची सुरुवात अश्वशक्तीने करू नये. ती पुढील क्रमाने करावी.

पहिला प्रश्न मांडणीचा. पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि जीप यांत इंजिन उभे, म्हणजे गाडीच्या लांबीत असते आणि शक्ती मागील चाकांना जाते. आजच्या बहुसंख्य लहान मोटारींत इंजिन आडवे असते आणि पुढील चाके चालवते. अशी इंजिने स्वस्त व मुबलक असली तरी जुन्या गाडीत ती सरळ बसत नाहीत. म्हणून जिप्सी किंवा ईको यांसारख्या, उभ्या मांडणीच्या आणि मागील चाके चालविणाऱ्या गाड्यांची इंजिने या कामी विचारात घेतली जातात. इंजिनासोबत तिचीच गिअरपेटी घेणे उत्तम. अन्यथा दोहोंमध्ये जोडपट्टी बनवावी लागते आणि ती केसभर जरी मध्यापासून सरकली तरी क्लच व बेअरिंग अल्पायुषी ठरतात.

दुसरा प्रश्न वजनाचा. इंजिन मूळ इंजिनाइतके किंवा त्याहून हलके असावे. जड डिझेल इंजिनाने पुढील स्प्रिंगा दबतात, स्टिअरिंग जड होते आणि ब्रेक मारताना नाक खाली जाते. कोकणात याला आणखी एक पदर आहे. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर यांना वेगळी चासी नाही. पत्र्याचे अंगच सर्व भार पेलते. समुद्राची खारी हवा आणि तीन हजार मिलिमीटरच्या वर जाणारा पाऊस यांनी तो पत्रा आतून खाल्लेला असतो. इंजिनाचा आधार जिथे बसतो तेथील पत्रा हातोडीने टकटक करून, खालून दिवा लावून पाहावा. तेथे गंज असेल तर आधी अंगाची दुरुस्ती, मग इंजिन. जीपला मात्र जाड पट्ट्यांची स्वतंत्र चासी असल्याने ती असे बदल अधिक सहन करते. महिंद्रानेही मूळ विलिस पेट्रोल इंजिनानंतर तिला वेगवेगळी डिझेल इंजिने दिली, ती त्यामुळेच शक्य झाली.

तिसरा प्रश्न जागेचा. तेलाचे डबके पुढच्या आडव्या पट्टीवर आपटते का, धुराड्याचा नळ स्टिअरिंगच्या दांड्याला लागतो का, स्टार्टर कोणत्या बाजूला येतो, बॉनेट बंद होते का, हे मोजपट्टीने तपासावे. यांपैकी कशासाठीही गाडीचा पत्रा कापावा लागत असेल तर ते इंजिन या गाडीसाठी नाही, असे समजावे.

चौथा प्रश्न गुणोत्तराचा. मागील आसाचे गुणोत्तर ४.३ आणि चाकाचा परीघ १.८ मीटर धरला, तर ताशी ६० किलोमीटरला वरच्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे २४०० फेरे घेते. ताशी १०० ला तेच चार हजारांवर जाते. बऱ्याच जुन्या डिझेल इंजिनांची कमाल मर्यादाच त्याच्या आसपास असते. म्हणजे महामार्गावर ते सतत किंचाळत राहणार. पाचवा गिअर असलेली पेटी हा त्यावर उपाय आहे. नसेल तर मागील आसाचे गुणोत्तर बदलावे लागते.

पाचवा प्रश्न विजेचा. नव्या इंजिनाला संगणक, संवेदक, उच्च दाबाचा इंधनपंप आणि टाकीकडे परत जाणारी नळी लागते. देणाऱ्या गाडीची संपूर्ण वायरिंग, संगणक आणि किल्ली एकत्र मिळत नसेल तर असे इंजिन घेऊ नये. पुढे ते बिघडले तर रस्त्यावरचा मिस्त्री ते दुरुस्त करू शकणार नाही, याचाही विचार करावा. जुन्या गाडीचे एक सुख असे होते, की पाली किंवा साखरप्याच्या नाक्यावरही ती चालू करून देणारा कोणी तरी भेटत असे.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल, असा फेरफार वाहनात करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच भूमिका स्पष्ट केली. इंजिन बदलणे हे परिवहन कार्यालयाच्या मंजुरीचे काम आहे आणि नव्या क्रमांकाची नोंद प्रमाणपत्रात करून घ्यावी लागते. त्याच बनावटीचे, त्याच इंधनाचे इंजिन असेल तर ही वाट तुलनेने सरळ असते. वेगळ्या कंपनीचे किंवा वेगळ्या क्षमतेचे असेल तर ती अडचणीची ठरते. पेट्रोलऐवजी सीएनजी, एलपीजी किंवा वीज वापरायची असेल तर त्या कलमातच सवलत आहे. पण संच मान्यताप्राप्त हवा. अशा संचांची तपासणी पुण्याची ‘एआरएआय’ ही संस्था करते.

खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी, आणि नंतर दर पाच वर्षांनी, नूतनीकरण करून घ्यावी लागते. त्या वेळी गाडीची प्रत्यक्ष तपासणी होते आणि इंजिन व चासीचे क्रमांक ताडून पाहिले जातात. वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी हे शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये करण्यात आले. क्रमांक जुळला नाही तर नूतनीकरण अडते. अपघात झाल्यास विमा कंपनीही याच मुद्द्यावर दावा नाकारू शकते. म्हणून ‘एमएच-०८’च्या कार्यालयात इंजिन खरेदी करण्यापूर्वीच जाऊन, कोणते इंजिन बसविण्याचा विचार आहे ते सांगून, मंजुरीची शक्यता विचारून घ्यावी. आधी काम आणि मग कागद, हा क्रम महागात पडतो.

पन्नाशीतील गाड्यांसाठी खास विचार

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी व चारचाकींना हा दर्जा मिळू शकतो. त्यांना क्रमांकात ‘व्हीए’ अक्षरे असलेली वेगळी मालिका मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि नंतरचे नूतनीकरण पाच हजार रुपये. अशी गाडी रोजच्या किंवा व्यावसायिक वापरासाठी चालविता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल यांपुरतीच ती रस्त्यावर आणता येते.

यातील कळीची अट अशी, की गाडी मूळ रूपात जपलेली असावी. चासी, अंग किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा. पद्मिनी हे नाव मिळालेल्या पहिल्या गाड्या आणि त्यापूर्वीच्या फियाट ११०० आज या पन्नाशीच्या उंबरठ्यावर किंवा त्यापलीकडे आहेत. सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस वर्षे मूळ इंजिनावर चाललेल्या गाडीला आज घाईने परके इंजिन बसविले, तर दोन-तीन वर्षांनी मिळू शकणारा दर्जा कायमचा हातचा जाण्याचा धोका आहे. संग्राहकांच्या बाजारातही मूळ क्रमांकाच्या इंजिनाला मोल असते. अशा गाडीच्या मालकाने दुरुस्तीचा मार्ग पूर्णपणे बंद झाल्याशिवाय दुसरीकडे वळू नये.

काम करून घेताना

कोकणात हे काम पावसाळ्यात काढू नये. सिलिंडरची घासलेली भिंत दमट हवेत एका रात्रीत तांबूस होते. पर्याय नसेल तर उघड्या भागांना तेल लावून, छिद्रे बंद करून ते प्लास्टिकमध्ये बांधून ठेवावेत. गणपतीपूर्वी गाडी हवीच, असा तगादाही लावू नये. मुंबई-गोवा महामार्गावरील गर्दीत, नुकत्याच बांधलेल्या इंजिनाने पहिला लांबचा प्रवास करणे म्हणजे केलेल्या खर्चाशी खेळ होय. पहिले हजार किलोमीटर इंजिन ताणू नये. पाचशे किलोमीटरनंतर तेल बदलावे, हेडचे बोल्ट आणि टॅपेटची फट पुन्हा तपासून घ्यावी. रेडिएटर आतून साफ केल्याशिवाय नवे बांधलेले इंजिन त्याला जोडू नये.

काम देताना प्रत्येक भागाचे माप, बदललेल्या वस्तूंची यादी आणि दर कागदावर घ्यावेत. काढलेले भाग परत मागावेत. दुसरे इंजिन बसविलेच, तर जुने भंगारात देऊ नये. ते तेलात भिजवून, फळ्यांच्या पेटीत बांधून कोरड्या जागी ठेवावे. आज ब्लॉकचा तडा सांधण्याजोगा नसला तरी पुढे तो सांधता येईल, आणि पुढच्या पिढीला गाडी मूळ रूपात आणावीशी वाटली तर तो क्रमांक तिच्याच घरात असेल.

एकंदरीत निर्णयाचा क्रम असा राहतो. इंजिनाचा दोष मोजून निश्चित करावा. ब्लॉक शाबूत असेल तर तेच इंजिन बांधावे. ब्लॉक गेला असेल तर त्याच जातीचे, कागद असलेले इंजिन शोधावे. तेही मिळाले नाही, गाडी व्हिंटेज दर्जाच्या वाटेवर नाही आणि परिवहन कार्यालयाने मंजुरी दिली, तरच परक्या इंजिनाचा विचार करावा, आणि तेव्हा ब्रेक व पत्रा यांवरचा खर्च आधी करावा. खोपीतील गाडीची ताडपत्री दूर करून या वर्षी कोणी कामाला हात घालणार असेल, तर त्याने पहिला खर्च कॉम्प्रेशन मोजण्याच्या यंत्रावर करावा. पुढचे बहुतेक प्रश्न त्या चार आकड्यांनी सुटतात.